माफीचा बैल

पाटलाला फुकट काही नको होतं. सूट पाहिजे होती. या दोन्हीत फरक काय, ते त्यायनं मला जल्मभर सांगितलं अन् माझ्या डोक्यात ते पुरतं कधी उतरलं न्हाई.

"फुकट म्हंजे भीक," ते म्हणायचे. "देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली. सूट तशी न्हाई. सूट म्हंजे सरकार वळखते. सरकार म्हणते, हे कोण? हे पाटील. यायच्याकडून घेऊ नका."

"पर पाटील, कापडाच्या दुकानात तर सगळ्यालाच सूट राहते. भाईर पाटी लावलेली राहते."

"ते दुकान हाय. मी सरकारचं बोलून राह्यलो."

झालं. सरकारचं म्हणलं की माझ्याकडं बोलायला काही उरत नव्हतं. मी शाळंत गेलो तो मेंढरं दावणीला बांधून, अन् मेंढरं सुटली तसा शाळंतून आलो. पर मला कोणी उल्लू बनवलं असं आजवर झालं न्हाई. पाटीलबी बनवत नव्हते. त्यायला जे खरं वाटायचं तेच सांगायचे. तीच तर अडचण होती.

आता पाटील न्हाईत. पोळा आला की गाव आजूकबी भांडते, की त्या साली वेशीतला मान कोणाचा झाला. मी तिथंच उभा होतो, अन् मलाच सांगता येत न्हाई. म्हणून आधी माणूस कसा होता ते सांगतो. मंग ज्याला जे समजायचं ते समजू द्या.

आमचं गाव वाटूरच्या फाट्यापासून आत. पाटील म्हंजे वतन गेलेले, नाव राह्यलेले. उंच, वाळके, धोतर पांढरंशुभ्र, अन् बारा महिने काखंत छत्री. पावसात ती उघडायचे न्हाईत, भिजंल म्हणून. माझा बाप त्यायच्या बापाकडं सालगडी होता. दुष्काळात आमची मेंढरं गेली, तव्हा राह्यला. पुढं मी पुन्हा मेंढरं केली, तळ्याकडंची जमीन केली, कोणाच्या दारात गेलो न्हाई. तरी पाटील मला अरे-तुरे करायचे अन् मी त्यायला अहो-जाहो. ते जुनं होतं, चालू राह्यलं. वय दोघाचं एकच. ओट्यावर बसायचं ते बराबरीनं.

सुटीचं हे येड त्यायच्या आज्यापासून आलं, असं मला वाटते. निजामाच्या अमलात आज्याला एका माळाच्या तुकड्यावर माफी होती. त्याचा सारा भरायचा न्हाई. पुढं ते राज्य गेलं, माफी गेली, माळबी गेला. राह्यली ती गोष्ट. पाटलाचा बाप ती जेवताना सांगायचा, जसं दुसरे लोक लोणचं घेतेत तशी. "ज्याला माफी त्याला मान." पाटील तेच खाऊन मोठे झाले.

एस्टीत म्हाताऱ्या माणसाला अर्धं तिकीट झालं तव्हा पाटील काम नसताना अंबडला जाऊ लागले. कंडक्टरनं दिलेलं तिकीट खिशात ठेवायचे न्हाईत. दोन बोटात धरायचे, सगळ्या गाडीला दिसंल असं. एकदा मी संगं होतो. मी पुरं तिकीट मागितलं.

कंडक्टर म्हणला, "बाबा, तुमालाबी अर्धंच हाय."

"मी पुरा बसलोय. पुरे पैसे घे."

पाटील अंबड येस्तोर माझ्याशी बोलले न्हाईत. उतरल्यावर म्हणले, "तू आज सरकारचा अपमान केला."

सरकारला पैसे दिले तर सरकारचा अपमान कसा होते, ते मी तिथंच इचारलं असतं. पर त्यायचं तोंड पाहून गप बसलो.

घरातबी तसंच. फ्रीजवर ती ताऱ्याची पट्टी चिटकवलेली राहते, वीज कमी खाणाऱ्याला जास्त तारे. लोक ती काढून टाकतेत. पाटलानं ती पट्टी पुसू देली न्हाई, धुऊ देली न्हाई. पाव्हणा आला की आधी पाणी, मंग तारे दाखवायचे. "फौजदाराच्या खांद्यावर किती? मोज. अन् हे मोज." सोयरिकीच्या बोलणीत पोरीच्या बापाला त्यायनं इचारलेलं मी ऐकलंय, "तुमच्याकडं फ्रीज किती ताऱ्याचा?" ते बिचारं तोंडाकडं पाहत राह्यलं. आमच्यात जो जास्त राबते त्याला भाकर जास्त. इथं जो कमी खाते त्याला तारे. मला हे उलटं वाटते, पर तारे मी मोजले. पाच होते.

मंग छपरावर ऊन धरायच्या काचा आल्या. त्याच्यावर सरकारची सूट होती, म्हणून आल्या. सूट नसती तर पाटील कंदिलावर राह्यले असते. स्लॅबवर वळीनं निळ्या काचा बसल्या, खाली भिंतीला नवं मीटर बसलं. पाटील मीटरसमोर खुर्ची टाकून बसू लागले. घरात लागते त्याच्यापेक्षा जास्त वीज झाली की ती तारंनं सरकारकडं जाते म्हणे, अन् तसा एक बाण त्या मीटरवर उमटते.

"पाहा," म्हणायचे, "सरकार आता माझ्याकडून घेऊन राह्यलं."

"पर पाटील, वीज ज्या तारंनं येते त्याच तारंनं जाते कशी? माझ्या वाड्याला एकच फाटक हाय. त्याच्यातून मेंढरं एकाच टायमाला आत अन् भाईर करून दाखवा मला."

"मेंढराला अक्कल न्हाई. विजेला हाय."

मी उठलो अन् मेंढराकडं गेलो.

वहिनीचा, म्हंजे पाटलीणबाईचा, त्या काचावर राग होता. सगळी स्लॅब त्यायनं खाल्ली, वाळवणाला जागा राह्यली न्हाई. एका उन्हाळ्यात पाटील गावाला गेल्ते तव्हा वहिनीनं गव्हाच्या कुरडया केल्या अन् सरळ काचावर घातल्या. तापलेल्या काचा, कुरडया अशा वाळल्या की इचारू नका. पाटील आले, खुर्चीवर बसले, पाहतेत तर बाण न्हाई. जिना चढून गेले अन् वरून आरडले, "अगं, सरकारच्या तोंडावर कुरडया घातल्या का!"

वहिनी खालून म्हणल्या, "सरकारला म्हणावं, वाळल्यावर चार तळून देईन."

त्या कुरडया मीबी खाल्ल्या. पाटलानं न्हाई खाल्ल्या. त्या विजेच्या होत्या म्हणले.

तर अशा माणसाच्या कानावर आलं, की बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला रस्त्याचा कर माफ हाय. टीव्हीवाला 'माफ' म्हणला अन् पाटील खाटंवरून उठून उभे राह्यले. हे वहिनीनंच सांगितलं. शिवाय गाडीसाठी कर्ज काढलं तर त्याच्या व्याजावरबी काहीतरी सूट होती. पाटलाकडं गाडीपुरते पैसे होते. ते तसेच ठेवले अन् कर्ज काढलं. मी म्हणलं, "पैसे असताना कर्ज?" तर म्हणले, "कर्ज न्हाई तर व्याज न्हाई, व्याज न्हाई तर सूट कशावर घेऊ? तुझ्या पोटावर?"

गाडी आली. पांढरी, हिरव्या पाटीची. बॅटरीवाल्याची पाटी हिरवी राहते. ट्रॅक्टर चालवून हात बसलेला होता, गाडी लवकर आली. पर रस्त्याच्या मधोमध चालवायचे, चालत्या माणसापेक्षा थोडी जल्दी. मागून ट्रकवाला हारन वाजवून थकायचा.

"बाजू द्या की, पाटील!"

"त्याला कर हाय, म्हणून त्याला घाई हाय. मला माफी हाय."

व्याजाच्या सुटीसाठी आम्ही जालन्याला गेलो, कराचं काम पाहणाऱ्या वकिलाकडं. मला नेलं ते साक्षीला, असं पाटील म्हणले. वकिलानं सगळं इचारून घेतलं, चष्मा काढला, अन् म्हणला, "काका, तुमचं उत्पन्न सगळं शेतीचं. शेतीला कर न्हाई. ती सूट करातून कापायची असते. तुम्हाला करच न्हाई, तर कापू कशातून?"

पाटलानं काखंतली छत्री मांडीवर घेतली. मंग म्हणले, "मंग कर लावा."

"काय?"

"मला कर लावा. अन् मंग सूट द्या."

"काका, माझ्याकडं लोक कर चुकवायला येतेत."

"ते चोर हायेत. मी पाटील हाय. लावा कर."

वकील माझ्याकडं पाहू लागला. मी भिंतीकडं. तो म्हणला, "अहो, तुमाला तर पुऱ्या उत्पन्नाचीच माफी हाय. याच्यापेक्षा मोठी सूट कोणती?"

"ती सगळ्या शेतकऱ्याला हाय. त्याच्यात माझं काय?"

येताना पाटलानं गाडी आजूकच हळू चालवली. परतूरच्या वाटंला लागल्यावर म्हणले, "कर नसणं अन् कर माफ असणं, लई फरक हाय." मी डोकं हलवलं. आजही हलवतो. फरक असंल.

आता बैलाचं सांगतो. गाडी ठिवायला जागा पाहिजे, अन् तिच्यात वीज भरायची तार जोडायचं बोर्ड गोठ्यातच बसलं. पाटलाची जोडी होती, कोशा अन् चिमण्या. घरचीच, वासरापासून वाढवलेली. एका सकाळी दोन्ही घेऊन पाटील माझ्या वाड्यावर आले.

"घे. बाजारात न्हाई नेणार. तिथं गिऱ्हाईक कोण अन् कसाई कोण, वळखू येत न्हाई."

मी भाव इचारला. त्यायनं सांगितला. मी पैसे आणायला वळलो, तर म्हणले, "सूट माग की."

"कशाला? भाव बराबर हाय."

"बराबर हाय म्हणून काय झालं? मी द्यायला तयार हाय. तू नुस्तं माग."

"मी मागत न्हाई, पाटील. माझ्या बापानं मागितलं तेवढं लई झालं."

"अरे, देणं माझ्या हातात हाय ना! देऊ दे मला!"

"मागितल्याबिगर द्या."

"मागितल्याबिगर देली तर ती सूट न्हाई, भीक!"

माझी म्हातारी चहा घेऊन आली तव्हा आम्ही दोघं तोंडं फिरवून उभे होतो अन् बैल मधे. मी पुरे पैसे मोजले. पाटलानं ते असे घेतले की जणू मीच त्यायला काही नाकारलं. जाताना दोन्ही बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून घेतल्या. "बैल तुझे. माळा माझ्या." मी म्हणलं, न्या.

माळा खुंटीला राह्यल्या असत्या, पर माझ्या एडक्यानं घोटाळा केला. बॅटरीच्या गाडीला आवाज न्हाई. मी रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललो होतो, मागून पाटील आले, मला पत्ता न्हाई. मेंढरं आवाजाला बाजू देतेत, गाडीला न्हाई. पाटलानं गाडी एडक्याच्या ढुंगणाला टेकवली. एडका वळला, दोन पावलं माघारी गेला अन् त्या हिरव्या पाटीला अशी टक्कर देली की पाटी मधोमध वाकली.

मला वाटलं, आता हे पाटीची भरपाई मागतेत. पाटील उतरले. पाटीकडं पाह्यलं, एडक्याकडं पाह्यलं. म्हणले, "त्याचं बराबर हाय. बैल येते तर घुंगरू वाजले पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी दोन्ही घुंगरमाळा गाडीच्या तोंडाला बांधलेल्या. तव्हापासून गाडी गावातून निघाली की खळंगखळंग. अन् तिकडं माझ्या वाड्यात कोशा-चिमण्या चारा सोडून माना वर करायचे. गाडी दूर जाईस्तोर कान तिकडंच. दुसरी माळ मी घालून पाह्यली. कोशानं मान झाडून ती खाली पाडली. मीबी मंग हट्टानं घातली न्हाई.

पोळा जवळ आला. आमच्या गावात वेशीत तोरण बांधतेत, मंगलाष्टकं म्हणतेत, अन् तोरणाखालून पहिली जोडी जाते ती मानाची. पिढ्यान्‌पिढ्या ती पाटलाची. सरपंचबाई तरणी हाय, पर शब्द तोलून बोलते. ती आधी पाटलाकडं गेली, मंग माझ्याकडं आली.

"बाबा, मान बैलाचा हाय. पाटलाच्या दावणीला आता बैल न्हाई. जोडी तुमच्याकडं हाय. यंदा पहिले तुम्ही निघा."

"पाटील काय म्हणले?"

"काही न्हाई. चहा पाजला."

ते काही म्हणले न्हाईत म्हणल्यावर मी समजायला पाहिजे होतं. पर माझं ध्यान दुसरीकडं गेलं. माझा बाप पोळ्याला वेशीच्या भाईर उभा राह्यचा, सगळ्याच्या शेवटी, मागून आणलेला एक बैल घेऊन. गावाच्या जोड्या जाईस्तोर तोरणाची पानं गळून जायची. नुस्ती सुतळी राह्यची. बापाच्या बैलाला कधी पान लागलं न्हाई. मला ते तोरण हिरवं असताना त्याच्याखालून जायचं होतं. खोटं कशाला बोलू? लई जायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोण्या-हळदीनं मळतेत, वर्षभर जू वाहते म्हणून. सांजच्याला मी लोणी मागायला पाटलाकडं गेलो. वहिनी म्हणल्या, "लोणी गोठ्यात गेलं." गोठ्यात पाटील गाडीसमोर उकिडवे बसलेले, हात पिवळे.

"हे काय करून राह्यले, पाटील?"

"खांदमळणी."

"गाडीची?"

"तू मला सांग, बैल कशाला म्हणतेत? घरचं खाते, गोठ्यात उभं राहते, धन्याचं काम करते. हिला पंपावर न्यावं लागते का? माझ्याच छपरावरचं ऊन खाते. पेट्रोलची गाडी म्हंजे हाटेलात जेवणारा गडी. ही घरची हाय."

मी चूक शोधली. सापडली न्हाई. म्हंजे चूक होती हे मला पक्कं ठाऊक होतं, पर बोट ठिवायला जागा मिळंना. पाटलालाही एकच अडचण होती.

"खांदा कोणता धरावा रे हिचा?"

"पुढच्या चाकाच्या वर," मी म्हणून गेलो. तोंडातून निघून गेलं.

त्यायनं तिथं लोणी चोळलं. मंग आरशाजवळ तोंड नेऊन, जसं बैलाच्या कानात सांगतेत तसं, हळूच म्हणले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मला उरलेलं लोणी देलं अन् म्हणले, "उद्या वेशीत भेटू."

पोळ्याच्या दिवशी मी कोशा-चिमण्या असे सजवले की माझी म्हातारी म्हणली, "आपल्या लग्नात तुम्ही येवढं तोंड धुतलं नव्हतं." झुली, बाशिंगं, शिंगाला हिंगूळ. फकस्त गळे उघडे. वेशीत तोरण हिरवंगार होतं, आंब्याची पानं. सगळ्या जोड्या मागं, माझी पुढं. मी बापाला मनात म्हणलं, पाहा.

तेवढ्यात खळंगखळंग आलं.

गाडीच्या टपावर बैलाची जुनी झूल. दोन्ही आरशाला हिंगूळ, शिंगं न्हाईत म्हणून. पुढच्या काचंवर बाशिंग, अन् बाशिंगाच्या फटीतून पाहत पाटील, डोक्याला फेटा. गाडी थेट माझ्या जोडीच्या बाजूला, तोरणासमोर येऊन थांबली. लोक हसायला लागले.

"पाटील, वेसण कुठी हाय याची?"

"पाटील, शेण कव्हा टाकते?"

"धूर न्हाई, शेण न्हाई," पाटील आतून म्हणले, "त्याचीच तर माफी हाय लेका!"

सरपंचबाई पुढं आली. "पाटील, असं कसं चालंल?"

"कामून न्हाई? मान बैलाचा, हे तूच म्हणली. हा बैल हाय. अन् सरकारनं याला माफी देलेली हाय. इथं दुसऱ्या कोणाच्या बैलाला हाय का माफी? हात वर करा."

कोणाच्याच बैलाला नव्हती. एक म्हणला, "बराबर हाय." दुसरा म्हणला, "बिलकुल न्हाई." मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला कळंना म्हणू का थांबू. सरपंचबाईनं माझ्याकडं पाह्यलं. माझ्या डोक्यात सगळं गोल फिरत होतं, माफी, कर, बैल, खांदा. पर त्या गोंधळात माझ्या हाती एक गोष्ट लागली. ती बैलाची होती, सरकारची नव्हती, म्हणून लागली.

"पाटील," मी म्हणलं, "बैलच हाय ना?"

"बैलच."

"मंग आज पोळा हाय. आज बैल जुपतेत का?"

"न्हाई."

"आज बैलाच्या अंगावर धनी बसते का?"

पाटलानं बाशिंगाची फट बोटानं मोठी केली.

"मंग तुम्ही आत बसून कामून आले? आज बैलाला काम सांगायचं न्हाई. उतरा. कासरा बांधा अन् पायी न्या. आम्ही नेतो तसं."

कोणी हसलं न्हाई. पाटलानं स्टेरिंगवरचे हात पाह्यले. मंग म्हणले, "बराबर हाय. चुकलं." गाडी मोकळी करून बंद केली अन् खाली उतरले. टपावरच्या झुलीखालून कासरा काढला. आणलेला होता त्यायनं, सगळं रीतीनं आणलेलं होतं. पुढच्या कडीला बांधला, खांद्यावर घेतला अन् ओढू लागले.

वेशीत चढ हाय. बैलाला तो कळत न्हाई. पाटलाला कळला. गाडी वीतभर पुढं यायची अन् हातभर मागं. दोन-चार जण धावले, तर ओरडले, "कोणी हात लावायचा न्हाई! बैल धन्यानंच न्यायचा असते!"

वहिनी ओट्यावरून म्हणल्या, "अहो, जीव जाईल!"

"मानानं जाईल!"

मंगलाष्टकं सुरू झाली अन् संपलीबी. तांदूळ पडले. माझी वाट मोकळी होती. कोशाच्या कानाशी नुस्तं 'चल' म्हणायचं बाकी होतं. तोरणाची पानं माझ्या डोक्यावर हलत होती. अन् पाटलाचा फेटा सुटून गळ्यात आला, कासरा खांद्यात रुतला, गाडी मागं घसरली अन् ते गुडघ्यावर आले. उठले. पुन्हा ओढलं. पुन्हा गुडघ्यावर.

मी कासरा चिमण्याच्या पाठीवर टाकला अन् गाडीच्या मागं गेलो. कामून गेलो, ते मला इचारू नका.

"हात लावू नको म्हणलं ना!" पाटील पुढून ओरडले.

"पाटील, ओढून न्हाई होणार. मागून लावावं लागंल."

"रीत न्हाई ती!"

मी आजवर कोणाजवळ काही मागितलं न्हाई. पर ते तोंडातून निघालं. "मंग तेवढी सूट द्या मला."

पाटलाची मान वळली. चेहरा घामानं निथळत होता. "काय म्हणला?"

"सूट मागून राह्यलो. हात लावायची. द्या."

ते माझ्याकडं पाहत राह्यले. जोडी घेऊन माझ्या वाड्यावर आले होते त्या सकाळपासूनचं सगळं त्यायच्या तोंडावर आलं अन् गेलं. मंग पाठ सरळ केली, सुटलेला फेटा नीट खांद्यावर घेतला, अन् सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणले, "देली."

कासरा सोडून तेबी मागं आले. दोन म्हातारे खांद्याला खांदा लावून वाकलो. गाडी हलली. अन् गाडी हलली तशा पुढं बांधलेल्या माळा वाजल्या. खळंग. थांबल्या. पुन्हा ढकललं. खळंगखळंग.

कोशानं मान वर केली. चिमण्यानं कान टवकारले. त्यायला काय ठाऊक कोणी कोणाला काय देलं, काय इकलं? त्यायची माळ वाजली, पोळा होता, समोर तोरण होतं. जल्मभर जसं केलं तसं दोघं निघाले. कासरा पाठीवर, धरायला कोणी न्हाई. गाडीच्या बाजूनं, आमच्या बाजूनं, वेशीत शिरले अन् हिरव्या तोरणाखालून गेले. आंब्याची पानं त्यायच्या शिंगाला घासलेली मी ऐकली. पाह्यली न्हाईत. माझं डोकं गाडीच्या डिकीला टेकलेलं होतं.

पाटलाचंबी टेकलेलं होतं. त्यायला धाप लागलेली.

"गेले का?"

"गेले."

त्यायनं फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"कोणाचे गेले रे?"

माझे, म्हणायला मी तोंड उघडलं. तुमचे, हेबी तिथंच होतं. दोन्ही एकदमच आले अन् दारात अडकले, एका फाटकातून आत-भाईर करणाऱ्या मेंढरासारखे.

"ढकला, पाटील," मी म्हणलं.